सीट गरम होत नाही? आधी मीटर, मग पाना, शेवटी दर!



या आठवड्याचा व्हिडिओ जुन्या गाडीतल्या हीटेड सीटवर आहे. व्हिडिओत हात दिसतात, पण आकडे भराभर निघून जातात. म्हणून ते आकडे आणि तपासणीचा क्रम इथे सविस्तर लिहितोय. मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवा, सीटखाली वाकाल तेव्हा कामाला येईल.

तुमच्या मनात पहिला प्रश्न काय आला असेल ते मला माहीत आहे. "दादा, आपल्याकडे सीट गरम करून करायचंय काय? आपल्याकडे गिऱ्हाईक एसीसाठी रडतंय!"

बरोबर आहे. ही सोय मुळात थंड देशांतली. अमेरिकेत कॅडिलॅकने १९६६ साली ती ऑप्शन म्हणून दिली आणि स्वीडनच्या साबने १९७२ साली ९९ मॉडेलमध्ये ड्रायव्हरच्या सीटला दिली. पण आज आपल्या गॅरेजच्या दारात काय उभं असतं ते बघा. दहा-पंधरा वर्षं जुन्या युरोपियन सेडान आणि एसयूव्ही, तिसरा नाहीतर चौथा मालक. नवी असताना ज्या गाडीकडे बघायचं धाडस नव्हतं, ती आज माणूस हौसेने घेतो. घेतली की तिच्यातलं प्रत्येक बटण चालायला हवं असतं. त्यातून नाशिक-निफाडकडची थंडीतली पहाट असेल, किंवा मालकाची कंबर धरलेली असेल, तर ते बटण हौसेचं राहत नाही. ते शेकायचं साधन होतं.

हा विषय घेण्याचं दुसरं कारण धंद्याचं आहे. या एका छोट्या सर्किटमध्ये फ्यूज आहे, रिले आहे, स्विच आहे, लोड आहे, सेन्सर आहे, अर्थ आहे आणि बऱ्याचदा मोड्यूलही आहे. ज्याला हीटेड सीटचा फॉल्ट पद्धतशीर शोधता येतो, त्याला पॉवर विंडो, मागच्या काचेचा डिफॉगर, ब्लोअर, सगळं येतं. आणि तपासणीचे पैसे कसे मागायचे हे शिकायलाही याच्याइतकं चांगलं काम नाही. कारण इथे पार्ट अनेकदा शंभर रुपयांचा असतो आणि डोकं तासाभराचं लागतं.

आत नेमकं काय असतं?

सीटच्या कव्हरखाली, फोमच्या वर, एक पातळ मॅट असते. तिच्यात एकतर बारीक हीटिंग वायर नागमोडी फिरवलेली असते किंवा कार्बन फायबरच्या पट्ट्या असतात. तत्त्व आपल्या इस्त्रीचंच. एक मॅट बसायच्या भागात, म्हणजे कुशनमध्ये, आणि दुसरी पाठीला.

करंटचा रस्ता असा: बॅटरी, फ्यूज, रिले किंवा मोड्यूल, सीटखालचा कपलर, मॅट, आणि परत बॉडी अर्थ. स्विच काही गाड्यांत थेट करंट जोडतो, काहींत फक्त मोड्यूलला निरोप देतो.

तापमान सांभाळायच्या दोन पद्धती आहेत. जुन्या साध्या गाड्यांत मॅटमध्येच थर्मोस्टॅट असतो. ठरलेल्या तापमानाला तो सर्किट तोडतो, थंड झाला की जोडतो. त्यानंतरच्या गाड्यांत एनटीसी सेन्सर असतो. तापमान वाढलं की त्याचा रेझिस्टन्स कमी होतो, आणि मोड्यूल तो वाचून करंट कमी-जास्त करतो. हा सेन्सर तुटला तर मोड्यूलला नीट रीडिंग मिळत नाही आणि तो सुरक्षेसाठी हीटर बंद ठेवतो. मॅट ठणठणीत असते, पण सीट गार!

अजून एक गोष्ट पाठच करा. बऱ्याच गाड्यांत कुशन आणि पाठीची मॅट सिरीजमध्ये असतात. एक तुटली की दोन्ही बंद. त्यामुळे "पूर्ण सीट मेली" अशी तक्रार आली तरी खराबी एकाच मॅटमध्ये असू शकते. पाठ गरम होते आणि कुशन थंड राहतं, अशी तक्रार असेल तर जोडणी पॅरलल आहे हे गिऱ्हाइकाने न सांगताच सांगितलं.

पाना उचलण्याआधीची पाच मिनिटं

हे प्रश्न जॉब कार्डवर छापूनच घ्या.

१. एक सीट की दोन्ही? दोन्ही एकदम गेल्या तर सीट उघडायचीच नाही. आधी फ्यूज, रिले, सप्लाय आणि दोघांचा सामाईक अर्थ बघायचा. दोन वेगळ्या मॅट एकाच दिवशी ठरवून मरत नाहीत.

२. बटणाचा दिवा काय करतो? लागतच नाही, लागून राहतो, की लागतो आणि काही सेकंदांत विझतो? लागून विझत असेल तर बऱ्याच गाड्यांत त्याचा अर्थ असा की मोड्यूल जिवंत आहे, त्याने सर्किट तपासलं आणि त्याला काहीतरी चुकीचं दिसलं. अर्धं निदान दिव्यानेच केलं.

३. हळूहळू कमी झालं की अचानक बंद पडलं? हळूहळू असेल तर जॉइंट आणि अर्थवर संशय. अचानक असेल तर फ्यूज किंवा तुटलेली वायर.

४. अलीकडे कोणी हात लावला का? सीट कव्हर, इंटिरियर वॉशिंग, म्युझिक सिस्टिम, बॅटरी. आपल्याकडे गाडी घेतली की दुसऱ्या दिवशी रेक्झिनचं कव्हर चढतं. ते बसवताना कुठे तार ओढली जाते, कुठे कपलर अर्धवट बसतो. कधी बिघाड काहीच नसतो, जाड कव्हर आणि त्याखालचा फोम ओलांडून उष्णता वर यायलाच उशीर लागतो.

५. इंजिन चालू असताना बघितलं का? बऱ्याच गाड्यांत इंजिन बंद असेल किंवा बॅटरीचा व्होल्टेज खाली गेला असेल, तर गाडी आधी असल्या आरामाच्या गोष्टी बंद करते. बॅटरी थकलेली असताना सीट उसवणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

पिवळा कपलर दिसला की थांबा

इथे घाई करणाऱ्याने पुढचं वाचूच नये.

या गाड्यांच्या सीटमध्ये अनेकदा साइड एअरबॅग असते, बेल्टच्या बकलमध्ये प्रिटेन्शनर असतो, आणि शेजारच्या सीटमध्ये माणूस बसलाय का ते ओळखणारी सेन्सर मॅट असते. एअरबॅगचे कपलर बहुतेक पिवळे असतात. त्यांच्यावर मल्टिमीटर लावायचा नाही, टेस्ट लॅम्प तर मुळीच नाही. एअरबॅग पेटायला फार करंट लागत नाही, आणि ती फुटते तेव्हा आपलं तोंड सीटच्या शेजारीच असतं.

सीट काढायची वेळ आली तर क्रम असा:

पॉवर सीट असेल तर बॅटरी काढण्यापूर्वीच ती पुढे-मागे करून चारही बोल्ट सैल करून घ्या. बॅटरी काढल्यावर सीट हलणार नाही आणि मागचे बोल्ट हाताला लागणार नाहीत. जुन्या म्युझिक सिस्टिमला कोड असतो, तो मालकाकडे आहे का ते आधीच विचारा. मग इग्निशन बंद, किल्ली खिशात, बॅटरीची निगेटिव्ह काढा आणि कंपनीच्या मॅन्युअलमध्ये सांगितलाय तितका वेळ थांबा. माझ्या दुकानात पंधरा मिनिटांच्या आत पिवळ्या कपलरला कोणी हात लावत नाही. तेवढ्या वेळात चहा घ्या. पिवळा कपलर सुटलेला असताना इग्निशन चालू करू नका, एअरबॅगचा दिवा लागेल आणि तो घालवायला स्कॅनर लागेल.

सहा टेस्ट, याच क्रमाने

क्रम स्वस्त आणि सोप्याकडून महाग आणि अवघडाकडे आहे. मधली पायरी गाळू नका.

टेस्ट १: बॅटरी. इंजिन बंद असताना साधारण साडेबारा व्होल्ट, चालू असताना साडेतेरा ते साडेचौदा. हे नसेल तर आधी ते काम करा, बाकी सगळं नंतर.

टेस्ट २: फ्यूज. डोळ्यांनी बघून सोडू नका, दोन्ही टोकांना करंट येतोय का ते मोजा. फ्यूज उडालेला असेल तर त्याच अँपिअरचा एकच नवा टाका. तोही उडाला तर शॉर्ट आहे. मोठा फ्यूज टाकणारा माणूस दुरुस्ती करत नसतो, तो आग पुढच्या तारखेला ढकलत असतो. आणि ही आग माणसाच्या मांडीखाली असते.

टेस्ट ३: स्कॅनर. असेल तर लावा. पण साधा कोड रीडर फक्त इंजिन वाचतो. सीटचं मोड्यूल वाचायला सर्व सिस्टिम उघडणारा स्कॅनर लागतो. जुन्या गाडीत सीटचं मोड्यूल स्कॅनरशी बोलतच नाही, असंही होतं. म्हणून स्कॅनर नाही म्हणून काम परत पाठवू नका. पुढच्या तिन्ही टेस्ट मल्टिमीटरवर होतात.

टेस्ट ४: सीटखालचा कपलर. सीट हलते तशी ही वायरिंग रोज ओढली जाते. कपलर नीट बघा. पिन तपकिरी झाली आहे का? प्लॅस्टिक वितळलंय का? हिरवट गंज आहे का? गंज असेल तर कार्पेटखाली हात घालून ओल बघा. एसीची पाण्याची नळी किंवा सनरूफची नळी तुंबली की पाणी आत उतरतं आणि महिनोन्महिने कार्पेटखाली साचतं. गंजलेली पिन बदलली आणि नळी साफ केली नाही, तर पुढच्या पावसाळ्यात तोच माणूस तीच तक्रार घेऊन येईल, आणि या वेळी रागाने.

टेस्ट ५: मॅटचा रेझिस्टन्स. इग्निशन बंद ठेवून हीटरचा कपलर सोडवा आणि मॅटच्या बाजूने ओहममध्ये मोजा. आकडा फार लहान असतो, एक-दोन ते चार-पाच ओहमच्या आसपास. म्हणून आधी मीटरच्या दोन्ही वायरी एकमेकींना टेकवून बघा. जो आकडा दिसेल, समजा ०.३, तो उत्तरातून वजा करा. दहा हजाराच्या रीडिंगमध्ये ०.३ कोणी विचारत नाही, पण दोनच्या रीडिंगमध्ये तो पंधरा टक्के आहे.

मीटर ओपन दाखवत असेल तर कुठेतरी तुटलंय. सिरीज जोडणी असेल तर पाठ आणि कुशन यांच्यामधला कपलर सोडवून दोन्ही वेगळ्या मोजा. कोणती मॅट गेली ते लगेच कळतं. दुसरी सीट चालू असेल तर तिचंही रीडिंग घ्या. त्याच गाडीतली चांगली सीट हे तुमचं फुकटचं मॅन्युअल आहे.

सेन्सरच्या दोन वायरी वेगळ्या असतात. त्याचं रीडिंग किलो-ओहममध्ये येतं. मीटर लावून ठेवा आणि सीटवर बसा किंवा हेअर ड्रायरने हळूच ऊब द्या. आकडा हळूहळू खाली आला तर सेन्सर जिवंत आहे. आकडा हललाच नाही किंवा उड्या मारू लागला तर सेन्सरवर गोल करा.

टेस्ट ६: लोडवर व्होल्टेज. ही टेस्ट सगळ्यात जास्त गाळली जाते आणि सगळ्यात जास्त फॉल्ट पकडते. कपलर सोडवून मीटरने बारा व्होल्ट दिसले म्हणजे सप्लाय चांगला, असं नाही. दहापैकी एकच तार शाबूत राहिलेल्या केबलमधूनही मीटर बारा व्होल्ट दाखवेल, कारण मीटर करंट खेचतच नाही. सप्लायवर ५५ वॉटचा हेडलाइटचा बल्ब लावा, तो साडेचार अँपिअर खेचतो. आता व्होल्टेज मोजा. मग बॅटरीच्या निगेटिव्हपासून सीटच्या अर्थ वायरपर्यंत मोजा. इथे अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थचा बोल्ट काढा, घासा, परत आवळा.

एक पथ्य. मोड्यूलवाल्या गाडीत हीटरचा कपलर सोडवला की मोड्यूलला मॅट दिसत नाही आणि तो सप्लाय बंद करतो. तिथे कपलर जोडलेलाच ठेवून मागच्या बाजूने, वायरच्या कडेने पिन सरकवून मोजायचं. बल्ब लावायचा तो मोड्यूलच्या सप्लायवर, त्याच्या आउटपुटवर नाही.

अर्ध्या ओहमची गोष्ट

खराब जॉइंट किती महागात पडतो ते कागदावर करून बघू. समजा दोन्ही मॅट मिळून २ ओहम आणि इंजिन चालू असताना १३.८ व्होल्ट.

करंट = १३.८ ÷ २ = ६.९ अँपिअर. उष्णता साधारण ९५ वॉट. सीट मस्त गरम.

आता कपलरच्या पिनमध्ये गंजामुळे फक्त अर्धा ओहम वाढला. एकूण २.५ ओहम. करंट आला ५.५ अँपिअरवर. सीटला मिळाले साधारण ६१ वॉट, म्हणजे तिसरा हिस्सा ऊब गेली. आणि त्या नखाएवढ्या पिनमध्ये १५ वॉट उष्णता तयार व्हायला लागली! सोल्डरिंगचा छोटा गन कपलरमध्ये खुपसून ठेवल्यासारखं आहे हे. प्लॅस्टिक वितळणारच.

म्हणून "आधीसारखी गरम होत नाही" ही तक्रार किरकोळ समजू नका. बंद पडलेली सीट निरुपद्रवी असते. अर्धवट गरम होणारी सीट कुठेतरी दुसरीकडे गरम होत असते.

एक काम, जसं झालं तसं

मागच्या हिवाळ्यात निफाडकडचे एक निवृत्त शिक्षक आले. पंधरा वर्षांची सेडान, ड्रायव्हरची सीट आधी कोमट व्हायची, मग कधी चालू कधी बंद. एका ठिकाणी त्यांना गाडी न उघडताच "पूर्ण सीट बदला" असं सांगितलं होतं. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

सरांना बाकड्यावर बसवलं आणि प्रश्न विचारले. शेजारची सीट चालू, दिवा लागून विझतो, सहा महिन्यांपूर्वी नवं कव्हर. बॅटरी चांगली, फ्यूज चांगला. सीट मागे घेतली, खाली टॉर्च मारला तर हीटरच्या कपलरचा एक कोपरा तपकिरी. मॅटचं रीडिंग शेजारच्या सीटएवढंच. म्हणजे मॅट चांगली! कपलर उघडला, पिन ढिली आणि जळकी. कव्हर बसवताना वायर सीटच्या रेलखालून गेली होती, सीट मागे-पुढे झाली की ओढ बसायची.

मी सरांना बोलावलं आणि मीटर त्यांच्या हातात दिला. एक सीट, दुसरी सीट, सारखा आकडा. मग जळका कपलर दाखवला. सर म्हणाले, "म्हणजे विद्यार्थी पास आहे, परीक्षा केंद्रच जळलंय!" यापेक्षा चांगलं निदान मलाही लिहिता आलं नसतं.

दोन्ही बाजूंच्या पिना बदलल्या, कपलर नवा, वायरचा रस्ता बदलून टाय मारला. पार्ट सगळे मिळून ९० रुपयांचे. बिल झालं १,२४०. त्यात तपासणी ७०० रुपये, वेगळ्या ओळीत. सरांनी त्या ओळीवर बोट ठेवलं, माझ्याकडे बघितलं आणि पैसे दिले. घासाघीस नाही. कारण ७०० रुपये कशाचे ते त्यांनी स्वतः मोजून बघितलं होतं.

जाताना मी एक प्रश्न विचारला, जो मी प्रत्येकाला विचारतो: "सर, पायाला, मांडीला कुठे बधिरपणा आहे का?" ते म्हणाले, "मणक्याचं ऑपरेशन झालंय. उजव्या मांडीच्या मागे चिमटा काढला तरी कळत नाही." मग त्यांना बसवून सांगितलं, सगळ्यात खालच्या नंबरवर ठेवा, दहा मिनिटांनी बंद करा, आणि झोप लागेल अशा लांबच्या प्रवासात शेजारच्या सीटवर तर लावूच नका.

हा प्रश्न जॉब कार्डवर का हवा

माणसाला सहन होईल अशी ऊबही कातडी भाजू शकते, फक्त वेळ लागतो. ४४ अंशांचा स्पर्श सलग साधारण सहा तास राहिला तर त्वचा भाजते, हे १९४७ सालच्या संशोधनापासून माहीत आहे. तापमान जरा वाढलं की हा वेळ झपाट्याने कमी होतो, काही मिनिटांवर येतो. निरोगी माणसाला चटका बसतो, तो बटण बंद करतो. पण अर्धांगवायू झालेला, मणक्याला इजा झालेला, मधुमेहाने संवेदना गेलेली माणसं, यांना चटका कळतच नाही. अमेरिकेत २०११ साली भाजण्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी आणि वाहनसुरक्षा क्षेत्रातल्या लोकांनी याच कारणासाठी तिथल्या सरकारी यंत्रणेकडे हीटेड सीटच्या तापमानावर मर्यादा मागितली होती.

आता विचार करा. आपल्याकडे हे बटण चालू करून मागणारा माणूस कोण असतो? कंबर दुखणारा, ऑपरेशन झालेला, वयस्कर. म्हणजे ज्याला जास्त धोका, तोच आपलं गिऱ्हाईक. म्हणून तीन नियम: थर्मोस्टॅट किंवा सेन्सर बायपास करून सीट "चालू करून" द्यायची नाही, कितीही विनवणी केली तरी नाही. काम झाल्यावर दहा मिनिटं सीट चालू ठेवून हाताने आणि इन्फ्रारेड थर्मामीटरने सगळीकडे तपासायचं, एका जागी जास्त तापत असेल तर गाडी द्यायची नाही. आणि बधिरपणाचा प्रश्न विचारायचाच.

मॅटच गेली असेल तर?

मॅट सहसा कुशनच्या बाहेरच्या कडेला तुटते. चढता-उतरता अंग तिथे घासतं, आणि मागच्या सीटवरची पिशवी घ्यायला माणूस तिथेच गुडघा टेकवतो. गिऱ्हाइकासमोर पर्याय ठेवा:

कंपनीची मॅट: पार्ट नंबर जुळला आणि मिळाली तर उत्तम. दर आणि किती दिवसांत येईल, दोन्ही लेखी घ्या आणि मगच गिऱ्हाइकाला सांगा.

बाजारातला कार्बन फायबर किट: काम चांगलं होतं, पण जुन्या मोड्यूलला जोडायचा नाही. मोड्यूलला त्याच्या मॅटचा रेझिस्टन्स माहीत आहे, परका रेझिस्टन्स तो स्वीकारेलच असं नाही. किटचा स्वतःचा रिले, फ्यूज आणि स्विच वापरा. रिलेचा सिग्नल इग्निशनवरून घ्या, नाहीतर रात्रभर सीट तापेल आणि सकाळी बॅटरी झोपलेली असेल. मॅट कापायची तर किटच्या कागदावर परवानगी असेल तेवढीच. वायरवाली मॅट कधीच कापायची नाही.

जुनी सीट: मुंबईत कुर्ल्याच्या बाजारात किंवा तुमच्या गावच्या भंगारात मिळेलही. पण एअरबॅग शाबूत आहे का, कपलर तोच आहे का, आणि सीट पाण्यात बुडालेली नाही ना, हे बघा. २०१९ ला सांगली-कोल्हापूर, २०२१ ला चिपळूण, किती गाड्या पाण्याखाली गेल्या ते आपण पाहिलंय. त्यांच्या सीट वाळवल्या की छान दिसतात. रेलमधला गाळ आणि कपलरमधला गंज मात्र सांगून जातो.

तुटलेली वायर जोडून देऊ का, असं बरेच जण विचारतात. सोल्डरची जागा कडक होते, माणूस रोज त्यावर बसतो, आणि ती शेजारीच पुन्हा तुटते. शिवाय जॉइंट खराब झाला तर काय होतं ते वरच्या अर्ध्या ओहमने सांगितलंच. मी बसायच्या जागेखाली जॉइंट ठेवत नाही.

आता दर

मला सगळ्यात जास्त विचारलं जाणारं वाक्य: "दादा, तपासणीचे पैसे मागितले की गिऱ्हाईक जातं." चला, हिशेब मांडू.

समजा भाडं, एका पोराचा पगार, वीज, हप्ता, तुमचा स्वतःचा घरखर्च धरून दुकानाचा महिन्याचा खर्च ७८,००० रुपये. महिन्याचे २६ दिवस, रोज ८ तास, म्हणजे २०८ तास. त्यातला निम्मा वेळ पार्ट आणण्यात, फोनवर, वाट बघण्यात जातो. बिल होणारे तास उरले १०४. भागाकार करा: तासाला ७५० रुपये. हा नफा नाही, दुकान उघडं ठेवायचा खर्च आहे. चाळीस मिनिटांच्या तपासणीला ५०० रुपये तुमच्या खिशातून आधीच गेलेत. ती फुकट दिली आणि ९० रुपयांच्या पार्टवर वीस टक्के कमावले, तर १८ रुपये मिळवायला ५०० घातले!

असं झालं की दुकानदार काय करतो? ते पाचशे कुठूनतरी काढायला बघतो. मग चांगली मॅट "गेली" म्हणतो, चांगली सीट "बदला" म्हणतो. तपासणी फुकट ठेवली की खोटं बोलणं हळूहळू धंद्याची गरज बनतं. म्हणून तपासणीचा दर हा माझ्या मते प्रामाणिकपणाचा दर आहे.

मागायचा कसा? गाडी उघडण्याआधी, एका वाक्यात: "तपासणी ७०० रुपये. काय बिघडलंय ते तुम्हाला मीटरवर दाखवीन. काम माझ्याकडे करायचं की नाही, ते त्यानंतर तुम्ही ठरवा." जो या वाक्यावर निघून जातो, तो ९० रुपयांच्या पार्टवरही घासाघीस करणार होता. त्याला हसून नमस्कार करा.

या आठवड्याचं काम

दोन गोष्टी करा. एक, वरचे पाच प्रश्न आणि सहावा बधिरपणाचा, असे सहा प्रश्न आणि सहा टेस्टच्या रीडिंगसाठी सहा चौकोन, एवढं एका कागदावर बसवून जॉब कार्ड छापून घ्या. पन्नास प्रतींना फार खर्च येत नाही. दोन, स्वतःच्या दुकानाचा तासाचा खर्च माझ्या आकड्यांनी नाही, तुमच्या आकड्यांनी काढा आणि काउंटरच्या आतल्या बाजूला चिकटवा. गिऱ्हाइकाला दिसायची गरज नाही, तुम्हाला रोज दिसला पाहिजे.

पुढच्या व्हिडिओत याच पद्धतीने मागच्या काचेचा डिफॉगर बघू. तिथे तुटलेली रेघ मीटरने दोन मिनिटांत सापडते. तोपर्यंत फ्यूज आहे त्याच अँपिअरचा टाका, आणि पिवळ्या कपलरपासून मीटर लांब ठेवा.

भेटूया!